नदीप्रमाणे माशाचे अंग

श्रोतेहो, नमस्कार. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत पडलेला पाऊस दोन समुद्रांच्या वाटेला लागतो, हे नाशिककरांना सांगायला नको. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी पूर्वेला 1465 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा अरबी समुद्राकडे उतरते. आणि जिल्ह्याच्या उत्तर भागातली गिरणा जळगावकडे वळून तापीला मिळते. माणूस हे पाणलोट एका दुपारी ओलांडतो. माशाला ते आपणहून ओलांडता येत नाही. त्यामुळे एकाच जातीचा मासा या तिन्ही खोऱ्यांत आढळला, तर त्याचे तिन्ही समूह पिढ्यानपिढ्या एकमेकांपासून तुटलेले असण्याचा संभव मोठा असतो. अशा माशाचे अंग सगळीकडे सारखेच राहते का, आणि राहत नसेल तर कशामुळे, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू.

डोंगरी ओढ्यांतला मळ्या हा मासा हाताशी घेऊ. दख्खनच्या माशांवर लिहिणाऱ्या साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1839 साली त्याचे शास्त्रीय वर्णन छापले आणि नाव मात्र इथल्याच लोकांच्या तोंडचे ठेवले. मासा लहान, सहज मुठीत मावणारा. पोट सपाट, तोंड खालच्या अंगाला, आणि खालच्या ओठामागे एक मांसल चकती. ही चकती दगडावर दाबून आणि छातीचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरून तो धावत्या पाण्यात जागा धरून राहतो व दगडावरचे शेवाळ खरवडतो. मळ्याची ही ठेवण जातीचीच आहे. पण तिच्या मर्यादेत अंगाची उंची, शेपटीच्या देठाची जाडी, डोळ्याचा आकार यांत नदीगणिक फरक पडू शकतो.

सर्वसाधारण अपेक्षा अशी की ओढीच्या पाण्यातले मासे निमुळते असावेत, कारण प्रवाहाचा विरोध कमी झाला की सतत पोहण्याचे कष्ट वाचतात. आणि संथ डोहातले मासे उंच अंगाचे असावेत, कारण तिथे चटकन वळणे अधिक कामाचे. पुष्कळ जातींत हे खरे ठरते, तरी त्यावर डोळे झाकून विसंबू नये. मळ्यासारखा दगडाच्या आडोशाला राहणारा मासा भर प्रवाहात पोहतच नाही, तेव्हा त्याला हा हिशेब जसाच्या तसा कसा लागू होणार?

शिवाय प्रवाह हे एकच कारण नव्हे. युरोपातल्या क्रूशियन कार्प या माशाबद्दल 1992 साली प्रसिद्ध झालेले संशोधन या बाबतीत फार बोलके आहे. तळ्यात पाइक हा शिकारी मासा सोडला, तेव्हा कार्पचे अंग उंच होत गेले. पाइक नसलेल्या पाण्यात तेच मासे सडपातळ राहिले. उंच मासा शिकाऱ्याच्या तोंडात मावत नाही. हा बदल त्याच माशांच्या वाढीत, त्याच पिढीत घडला. याचा अर्थ, दोन नद्यांतले मासे वेगळे दिसले म्हणून त्यांचे रक्त वेगळे असे म्हणता येत नाही. ते ठरवायचे तर दोन्हीकडची अंडी एकाच प्रकारच्या पाण्यात, एकाच खाद्यावर वाढवून पाहावी लागतात. तरीही फरक उरला, तर तो बहुधा वंशाचा.

मोजमापाचे म्हणाल, तर खरी मेहनत तिथेच आहे. माशाची प्रमाण लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत घेतात, कारण शेपटीचा पर फाटलेला असू शकतो. शेपटी हलकेच एका बाजूला वाकवली की मुळाशी सुरकुती पडते. व्हर्नियरचे, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या पट्टीचे, टोक तिथे लावायचे. मग अंगाची सर्वांत जास्त उंची, डोक्याची लांबी, पार्श्वरेषेवरचे, म्हणजे अंगाच्या बाजूने डोक्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेवरचे, खवले. लहान मासा मोठ्याची हुबेहूब छोटी प्रत नसतो, म्हणून जवळपास सारख्या लांबीच्या माशांचीच तुलना करावी, किंवा वाढीचा परिणाम गणिताने वजा करावा. पावसाळ्याच्या तोंडाला गाभोळी भरलेली मादी घेतली, तर तिचे पोट पाहून कोणीही डोहातला मासा म्हणेल! फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला मासा आकसतो, त्यामुळे ताज्या माशाची मापे त्याच्या मापांशेजारी ठेवू नयेत. घाईघाईने जाहीर झालेली कैक ‘नवी रूपे’ माझ्या मते इथेच गळून पडतील.

आता धरणांचा विचार. अमेरिकेत शायनर या लहान माशांवर झालेल्या अभ्यासांत जलाशयातले मासे ओढ्यातल्या भाईबंदांपेक्षा उंच अंगाचे आढळले. आपल्याकडे गंगापूर धरण 1965 सालचे, दारणा त्याहून कितीतरी जुने. लहान मासे एक-दोन वर्षांत वयात येतात, म्हणजे या काळात त्यांच्या अनेक पिढ्या झाल्या. तुलना करायला नाशिक सोयीचे आहे, पण नमुना कुठला घ्यावा हे जपून ठरवले पाहिजे. पुरात सांडव्यावरून वरचा मासा खाली येऊ शकतो, खालचा वर चढू शकत नाही; म्हणजे धरणाखालच्या पात्रात दोन्हीकडचे मासे मिसळलेले असणार. कटला, रोहू यांचे बीज तर हॅचरीतून आणून सोडलेले असते, तेव्हा त्यांच्या अंगावरून नदीबद्दल काही सांगणे व्यर्थ. त्यापेक्षा जलाशयाच्या फुगवट्यातला मळ्या आणि त्याला वरून येऊन मिळणाऱ्या ओढ्यातला मळ्या, पाऊस ओसरल्यावर एकाच आठवड्यात धरून, ताजेपणीच मोजावा.