कधी अटक झाली होती का?

हातातलं वीजबिल बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. हे दर ज्याच्या आदेशाने ठरतात तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, स्थापना १९९९. वीज कंपनी याचिका दाखल करते, ग्राहक हरकती पाठवतात, जाहीर सुनावणी होते, मग आदेश निघतो.

आदेशावर सह्या अध्यक्षांच्या आणि सदस्यांच्या. पण आकडे पडताळणारे, हरकतींचे गठ्ठे लावणारे, फायली सांभाळणारे हात वेगळेच. विद्युत कायदा, २००३ मधल्या कलम १६९ नुसार हे कर्मचारीही लोकसेवक ठरतात. म्हणून तिथे कोण बसतं, हे पाहायलाच हवं.

सरकारी नोकरीत हे पाहणं सुरू होतं एका कागदापासून. साक्षांकन नमुना. वर ताकीद छापलेली असते: माहिती खोटी दिली किंवा दडवली, तर अपात्र. खाली प्रश्न. कधी अटक झाली होती का? खटला चालला आहे का? न्यायालयाने दंड केला आहे का? मग कागद पोलिसांकडे जातो, नोंदी चाळल्या जातात, आणि चारित्र्य पडताळणीचा शेरा येतो.

या प्रश्नांपाशी कित्येक उमेदवारांचा पेन अडतो. कॉलेजात असताना मोर्चात घोषणा दिल्या, पोलिसांनी गाडीत घातलं, संध्याकाळी सोडलं. हे लिहायचं की नाही? लिहिलं तर नोकरी जाईल ही भीती, आणि न लिहिलं तर लपवल्याचा ठपका.

२०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर निकाल दिला. माहिती खरीच द्यायला हवी, यात सूट नाही. पण तरुणपणी घोषणा देण्यासारखा किरकोळ प्रकार लपवला गेला असेल, तर तो माफ करण्याचा अधिकार नियुक्ती करणाऱ्याला आहे. पद कोणतं, काम कोणतं, हेही बघायचं. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: नमुन्यातला प्रश्न नेमका हवा. मोघम विचारायचं आणि मग लपवलं म्हणायचं, हे चालणार नाही.

अल्पवयात झालेल्या गुन्ह्याबद्दल २०१५ चा बाल न्याय कायदा आणखी स्पष्ट आहे. काही गंभीर प्रकरणं वगळता, त्या शिक्षेमुळे पुढे अपात्रता लागत नाही.

आता आयोगाच्या सदस्यांसाठीचा नियम पाहा. विद्युत कायद्याच्या कलम ९० मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याची कारणं दिली आहेत. त्यासाठी कोणताही गुन्हा पुरेसा होत नाही. नैतिक अधःपतनाचा गुन्हा सिद्ध झालेला असावा लागतो. म्हणजे कायदा स्वतःच गुन्ह्याचं वजन करतो. सदस्याला जो न्याय, तोच लिपिकाला का नसावा? लाच, अपहार, बनावट कागदपत्रं असतील तर दार बंदच हवं. गल्लीतल्या भांडणासाठी मात्र नको.

याच कलमात आणखी एक कारण आहे: कामावर परिणाम करील असा आर्थिक हितसंबंध. कलम ८५ प्रमाणे सदस्यांची शिफारस करण्याआधीच निवड समितीला त्याची खातरजमा करावी लागते. पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत हे कधीच सापडणार नाही. वीज कंपनीचे शेअर कुणाच्या नावावर आहेत, ठेका कुणाच्या भावाकडे आहे, हे तिथल्या हवालदाराला कुठून कळणार? ते उमेदवारालाच विचारावं लागेल. त्याच कागदावर, अटकेच्या प्रश्नाखाली, तितक्याच स्पष्ट शब्दांत.