वजनकाटा आणि टॉर्च

(दृश्य : जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. भिंतीलगत चपलांचा ढीग. मुलींची रांग.)

चप्पल काढायची, काट्यावर उभं राहायचं, आणि खाली आकड्याकडे बघायचं नाही. आठवीतल्या मुलींना हे कुणी शिकवावं लागत नाही. सिस्टर आकडा मोठ्याने वाचतात आणि रांगेत मागे कुणीतरी फिस्सकन हसतं. दोन पावलांवर डॉक्टर टॉर्च घेऊन बसलेत. "आ कर." तिथे कुणी हसत नाही. तोंडात काय दिसलं, ते रांगेला कळतच नाही.

ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ साली त्याची सुरुवात झाली ती आपल्याच पालघरमधून. वजन आणि दात एकाच कार्डावर नोंदवले जातात, पण दोन रकान्यांची एकमेकांशी ओळख नसते.

जाड मूल गोड खातं, म्हणून त्याचे दात किडतात, असं आपण धरून चालतो. अभ्यास मात्र एकमताने असं सांगत नाहीत. कुठे वजनदार मुलांत कीड जास्त सापडली, कुठे हडकुळ्या मुलांत. आणि आपल्या देशात हडकुळी मुलंच जास्त आहेत. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची २४ टक्के मुलं वयाच्या मानाने बारीक निघाली, वजन जास्त असलेली ५ टक्के.

(दृश्य : मधली सुट्टी. फाटकाबाहेरची टपरी. एक मुलगा कोल्ड्रिंकची बाटली दप्तरात सरकवतो.)

पाव लिटरच्या या बाटलीत साधारण पाच-सहा चमचे साखर. ती त्याने एका दमात संपवली असती, तर दातांचं नुकसान कमी झालं असतं. पण बाटली चार तास पुरवायची आहे. गणिताच्या तासाला एक घोट, भूगोलाला एक. दर घोटाला तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, दाताच्या वरच्या कवचातली खनिजं सुटू लागतात. लाळेला हे आम्ल निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पुढचा घोट.

खाण्याच्या मधल्या वेळात दाताला चिकटणारं गोड सगळ्यात वाईट, हे सिद्ध झालं ते स्वीडनमधल्या विपेहोल्म इस्पितळात, १९४५ नंतरच्या काही वर्षांत. तिथल्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम टॉफ्या चारल्या गेल्या. तसा प्रयोग करायला आज कुणी परवानगी देणार नाही, देऊही नये.

स्वीडनमध्येच २०१० साली लठ्ठ किशोरांची लाळ मोजली गेली. काहीतरी चघळायला दिल्यावर इतर मुलांच्या तोंडात मिनिटाला सुमारे २ मिलिलिटर लाळ सुटत होती, यांच्या तोंडात १.२. दात धुणारं पाणीच कमी. शिवाय अंगावरची जादा चरबी नुसती पडून राहत नाही. दाह वाढवणारी द्रव्यं ती रक्तात सोडत असते, आणि हिरड्या सुजण्याशी संशोधक त्याचा संबंध जोडतात. ब्रश करताना रक्त आलं की आपण ब्रशच बदलतो.

(दृश्य : डबा. भाकरी, आमटी. एका मुलीचा हात.)

हडकुळ्या मुलांची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. लहानपणी पोषण कमी पडलं, तर दाताचं कवच कच्चंच तयार होतं. मग दाढ किडते, ठणकते. ही मुलगी भाकरीचा कडक पापुद्रा बाजूला काढते. उरलेली आमटीत कुस्करते, मऊ होईपर्यंत थांबते, एका बाजूने चावते. सुट्टी संपल्याची घंटा होते, तेव्हा अर्धी भाकरी डब्यातच असते. घरी सगळे म्हणतात, "हिला जेवणच जात नाही."

(दृश्य : पुन्हा व्हरांडा. टॉर्चचा उजेड.)

काट्यावर तिचा आकडा आला होता ३१. सिस्टर म्हणाल्या, "नीट खात जा गं." आता डॉक्टर टॉर्च थोडी तिरकी करतात, थांबतात.

"भाकरी कुठल्या बाजूने चावतेस?"

ती डाव्या गालावर बोट ठेवते.

"आणि उजवीकडे कधीपासून दुखतंय?"

"सातवीपासून."