दहा बाय बारात कांजिण्या

ही आमची खोली. लालबाग, चाळीतला दुसरा मजला, दहा बाय बारा, माणसं पाच. बुधवारी छोटी शाळेतून आली तर पाठीवर तीन-चार फोड. आजीने बघितलं आणि आधी गॅस बंद केला, बाई आल्यात म्हणाली, आता घरात फोडणी नाही.

डॉक्टर म्हणाले कांजिण्या, वेगळ्या खोलीत ठेवा. वेगळी खोली कुठून आणायची? पोटमाळ्यावर गाद्या आणि गणपतीचं मखर आहे. मग खिडकीखाली कॉट, आणि ही दोरीवर दिसतेय ना, ती आईची जुनी साडी, झालं आयसोलेशन. खरं तर साडीने काय अडणारे, हे हवेतून पसरतं आणि फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच, म्हणजे मंगळवारी ती माझ्या ताटात जेवली तेव्हाच काय व्हायचं ते झालेलं. लस असते हो, पण सरकारी मोफत यादीत नाही, विकत घ्यावी लागते, आमच्याकडे राहूनच गेली.

आजीने अंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकला. डॉक्टर त्याला नाही म्हणाले नाहीत, फक्त नखं कापा, कॅलामाइन लावा, तापाला पॅरासिटामॉल, पण अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, लहान मुलांना त्याने मेंदूला सूज येऊ शकते. आजीच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे. देवी भारतातून 1975 मध्येच गेली, पण आजीसाठी अंगावर फोड म्हणजे देवीच.

खरं टेन्शन शेजारच्या वहिनीचं होतं, सातवा महिना. गॅलरी एकच, दारं दिवसभर उघडी. गरोदरपणी कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियाची भीती असते, म्हणून आईने लांबूनच सांगितलं, बाई, लहानपणी झाल्या होत्या का विचार माहेरी. वहिनीने तिथेच फोन लावला. झाल्या होत्या, दुसरीत असताना. तिच्या सासूबाईंचा जीव भांड्यात पडला.

मग कॅलेंडरवर पेन्सिलीने एकवीस दिवस मोजले, कारण लागण झाली तर दहा ते एकवीस दिवसांत कळतं. छोटीच्या खपल्या धरल्या, ती गॅलरीत पळायला लागली, आम्हाला वाटलं सुटलो.

सोळाव्या दिवशी माझ्या कानामागे खाज. मोठ्या वयात ताप जास्त चढतो म्हणतात, चढला. म्हणून पुढचे शॉट पप्पांनी काढलेत, हलतायत, सॉरी.