लाल कॅपची सिरिंज आणि पहिली नोकरी

बसा गं सगळ्या, मागच्यांनी पुढे या, आणि ब्रदर लोकांनो, कोपऱ्यात उभं राहू नका, खुर्च्या आहेत. मला विषय दिलाय 'करिअर गायडन्स', पण खरं सांगू का, तुमच्या आधीच्या बॅचमधल्या सात-आठ जणींचे मेसेज माझ्या फोनवर येऊन पडलेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, मॅडम जॉब सोडू का. कुणाला दोन महिने झालेत, कुणाला तीन, एकीला तर ११ दिवस. तर आज तेवढंच बोलू.

आधी माझं सांगते. २००९ ला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाले आणि तालुक्याच्या गावात ६० बेडच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलला लागले. पगार ४,५००, एक वर्षाचा बॉण्ड, ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसात जमा. ट्रेनिंग म्हणाल तर एका सिस्टरनी अर्धा दिवस फिरवलं, हे स्टोअर, हा फ्रिज, हे रजिस्टर, चहा इथे मिळतो. तिसऱ्या दिवशी नाईट लागली आणि दुसऱ्या आठवड्यात अख्ख्या मजल्यावर मी एकटी, २२ पेशंट आणि सोबतीला एक मावशी. जनरल वॉर्डला पाच पेशंटमागे एक नर्स हा नॉर्म मी परीक्षेत छान अक्षरात लिहून आले होते, मार्कही पडले होते.

एका रात्री एका आजोबांना जेवणाआधी १२ युनिट इन्सुलिन होतं. आमच्याकडे कायम ४० ची वायल, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिटवाली बाटली, असायची आणि तिची लाल कॅपवाली सिरिंज. त्या दिवशी वायल नातेवाइकांनी बाहेरून आणलेली, ती निघाली १०० ची. मी लेबल वाचलं नाही असं नाही हं, औषधाचं नाव वाचलं, एक्स्पायरी वाचली, १०० पण डोळ्यांखालून गेलं असणार, पण ते डोक्यात शिरलंच नाही, कारण १०० साठी ऑरेंज कॅपची वेगळी सिरिंज असते आणि ती का असते हे मला हातात धरून कुणी कधी दाखवलंच नव्हतं. लाल सिरिंजमध्ये १२ च्या रेघेपर्यंत भरलं म्हणजे ०.३ एमएल. ४० च्या वायलमधून ०.३ एमएल म्हणजे १२ युनिट, बरोबर. १०० च्या वायलमधून किती? बोला ना. हां, ३०. अडीचपट.

साडेदहाला मावशी आल्या, "सिस्टर, आजोबा घामाने चिंब झालेत आणि कायतरी बडबडायलेत." शुगर ४४, फारच कमी. आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचे ड्युटी डॉक्टर, खाली कॅज्युअल्टीत होते ते धावत आले, २५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज दिलं, थोड्या वेळात आजोबा भानावर आले आणि पहिलं काय विचारलं तर चहा झाला का. बाकीची रात्र मी तासातासाला त्यांची शुगर बघत काढली आणि मधल्या वेळात बाथरूममध्ये जाऊन रडत होते.

आता तुम्हाला वाटेल त्यामुळे नोकरी सोडली. नाही. सकाळी मला ऑफिसात बोलावलं, एक्स्प्लनेशन लिहून घेतलं, "कॉलेजात काय शिकलात" असं ऐकवलं, कागद फाइलला लागला. झालं. त्याच रात्री मी परत ड्युटीवर आले तर ट्रेमध्ये त्याच लाल कॅपच्या सिरिंज, फ्रिजमध्ये तीच वायल, आणि संध्याकाळच्या शिफ्टला जी नवी मुलगी होती तिला कुणी काहीसुद्धा सांगितलेलं नाही. तिच्याकडून ओव्हर, म्हणजे ड्युटीचा ताबा, घेतानाच काय ते मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या मेडिकलमधून ऑरेंज कॅपच्या दहा सिरिंज स्वतःच्या पैशाने आणल्या. पैसे देताना माझं मन तिथून उठलं बघा. चूक माझीच होती, ती मी आजपण नाकारत नाही, पण चूक झाल्यावर ज्या जागेत एक सिरिंजसुद्धा बदलत नाही तिथे पुढची चूक फक्त कुणाच्या हातून होणार एवढंच ठरायचं राहिलेलं असतं.

आता ह्याच्या उलट एक ऐका. माझीच एक विद्यार्थिनी, मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत, तिसऱ्या आठवड्यात रडत फोन, मॅडम मी सोडतेय, इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर ओरडल्या. का ओरडल्या? तर ही पोटॅशियम क्लोराइडचं अँप्युल सिरिंजमध्ये भरून, डायल्यूट न करता, सरळ आयव्हीला लावायला निघालेली. ते तसं पुश केलं तर हार्ट जागेवर थांबतं, आणि इनचार्जनी सिरिंज हातातून अक्षरशः हिसकावून घेतली. मी म्हटलं मग पुढे काय झालं? तर म्हणाली, दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन पाचदा डायल्यूशनचं गणित करून घेतलं, आणि आठवडाभर माझ्या प्रत्येक ड्रिपवर त्यांची पण सही होती. मी म्हटलं बाई, तू कुठेही जाऊ नकोस! ओरडणं चुकीचं, पेशंटसमोर तर नकोच, पण तुझ्या हाताकडे तिथे कुणाचंतरी लक्ष आहे.

ड्युटीवर जाताना पोटात गोळा येतो, घरी आल्यावर मध्येच आठवतं की अमक्याचं युरिन आउटपुट चार्ट केलं का, हे सगळ्यांना होतं. मार्लीन क्रेमर नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७४ सालीच ह्याला 'रिॲलिटी शॉक' म्हटलंय, म्हणजे हे काही आपल्याकडचंच खूळ नाही. नुसत्या भीतीवर राजीनामा देऊ नका, तीच भीती पुढच्या हॉस्पिटललाही तुमच्याबरोबर एसटीने येणार. तुम्ही एवढं करा, ड्युटीवरच्या सीनियरला सरळ म्हणा, "मला हे येत नाही, एकदा दाखवा," आणि बघा काय होतं. वैतागून का होईना, कुणी दाखवलं तर थांबा. "एवढंपण येत नाही का" म्हणून निघून गेले, किंवा म्हणायला मजल्यावर कुणीच नसेल, आणि असं महिनाभर चालू असेल, तर दुसरीकडे बघायला लागा.

दुसरीकडे बघायला लागा म्हणतेय, उद्या बॅग भरा नाही म्हणत. घरचं मला माहितीय, माझे वडील म्हणाले होते पहिलीच नोकरी, वर्षभर तरी काढ, लोक काय म्हणतील. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला, जीएनएमवाल्यांना किमान ५० बेडच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सीवाल्यांना लागत नाही, तर तुम्ही कोण आहात त्यावर घाई किती करायची हे बदलतं. जॉइनिंग लेटर, पगार बँकेत आल्याच्या नोंदी, सगळं जपून ठेवा. पगाराचं बोलायचं तर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून जी समिती नेमली तिने ५० बेडच्या खालच्या हॉस्पिटललासुद्धा किमान २०,००० पगार सुचवलाय. सुचवलाय म्हणतेय हं मी, मिळतो असं नाही म्हणाले.

बॉण्डला फार घाबरू नका. बॉण्डमध्ये ५० हजार लिहिले म्हणजे ५० हजार द्यायचेच असं नसतं, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई मागता येते, आणि ज्यांनी अर्धा दिवस फिरवून चहाची जागा दाखवली त्यांचा तुमच्यावर ट्रेनिंगचा खर्च कितीसा झाला असेल? पण वकिलाला एकदा कागद दाखवा, माझ्या शब्दावर जाऊ नका. राजीनामा लेखी द्या, पोच घ्या, नोटीस पिरियड पूर्ण करा, आणि कितीही राग आला तरी ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. पेशंटनी आपलं काही बिघडवलेलं नसतं.

आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं देऊच नका, दाखवा आणि झेरॉक्स द्या. मी पाचव्या महिन्यात सोडलं आणि माझी सर्टिफिकेटं परत मिळायला त्यानंतर तीन महिने आणि वडिलांच्या चार चकरा लागल्या. मिळाली तेव्हा बारावीच्या मार्कशीटला पंचिंगची दोन भोकं, त्यातलं एक बरोबर माझ्या सीट नंबरवर. अजूनही व्हेरिफिकेशनला गेले की क्लार्क ती उजेडात धरून विचारतो, मॅडम, इथे तीन आहे का आठ.