शेळी ‘येतो’ म्हणते

(दृश्य: कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली गल्ली, उतरती दुपार. लांबून मोटरसायकलचा आवाज. सहा वर्षांची मुलगी उंबऱ्यात उभी.)

गाडीचा आवाज ओळखीचा आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतली पहिली शिफ्ट संपवून पप्पा आलेत. पोरगी हात पुढं करते, पण खाऊसाठी नाही. घरात स्मार्टफोन एकच आहे आणि तो पप्पांच्या खिशात असतो. पप्पांचं हातपाय धुणं, चहा, जरा पाठ टेकणं होईपर्यंत फोन तिचा.

(दृश्य: फोनचा पडदा, वाचनाचं ॲप. चित्रात ओढा, अलीकडं शेळी, पलीकडं म्हैस.)

गोष्टीतली शेळी म्हशीला म्हणते, ‘थांब, मी येते.’ पोरगी बोट ठेवून मोठ्यानं वाचते, “थांब, मी येतो.”

शब्द लाल होतो, म्हणजे चुकला. ती पुन्हा वाचते, “येतो.” पुन्हा लाल.

बाजूला लसूण सोलत बसलेली आज्जी वैतागते. “बरोबर वाचली की पोरगी! शेळी आणि काय म्हणणार?”

कोल्हापूरबाहेरच्या प्रेक्षकांसाठी सांगायला हवं. इथं बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. आज्जी तसं बोलते, मम्मी तसं बोलते. मग शेळीनंच काय घोडं मारलंय?

अशी ॲप्स काम कशी करतात ते सोपं आहे. फोनचा माईक आवाज ऐकतो, पडद्यावरच्या शब्दाशी तो जुळवून बघतो, जुळला की शब्द रंगतो आणि पोर पुढं सरकतं. 2019 मध्ये गूगलनं भारतात ‘बोलो’ हे वाचनाचं ॲप आणलं. त्यातली ‘दिया’ नावाची बोलकी सोबतीण मुलांचं वाचन ऐकायची, अडलेला शब्द म्हणून दाखवायची, तारे द्यायची. तसली ॲप्स पुढं बरीच आली. या घरातलं त्यांपैकीच एक.

आणि त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी रोज येत नाही. आली की जोडाक्षराला अडखळल्यावर मागच्या बाकावरून हसू येतं. फोन हसत नाही. ‘चंद्र’ सात वेळा चुकला तरी आठव्यांदा तो तितक्याच शांतपणे ऐकतो. हिचं ‘चंद्र’ असंच सुटलं, आमच्या कॅमेऱ्यासमोर.

(दृश्य: दसरा चौक, शाहू महाराजांचा पुतळा. रहदारी.)

याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्याच्याही कितीतरी आधी, 1850 मध्ये, इथं ग्रंथालय सुरू झालं होतं. तेच आजचं करवीर नगर वाचन मंदिर. तेव्हा दंड होता, आता तारे आहेत. वाचायची गोडी दोन्हींतून लागतेच असं नाही. ताऱ्यांसाठी वाचणारं पोर तारे मिळाले की गोष्ट अर्ध्यात टाकून पुढच्या गोष्टीवर उडी मारतं, हेही आम्ही पाहिलं.

सगळी ॲप्स परीक्षाच घेतात असं मात्र नाही. ‘प्रथम बुक्स’ या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेनं 2015 मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हा गोष्टींचा ऑनलाइन साठा सुरू केला. तिथं गोष्टींच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या गोष्टी अडीचशे शब्दांच्या आतल्या, चौथ्या पायरीवरच्या दीड हजारांच्या पुढच्या. मराठी गोष्टी भरपूर, पैसे लागत नाहीत. पण मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती परवान्याची बाब. मूळ लेखक-चित्रकारांचं नाव ठेवून कुणीही गोष्ट आपल्या भाषेत आणू शकतं, बदलू शकतं. म्हणजे एखाद्या शिक्षिकेनं मनावर घेतलं तर तिथली एखादी शेळी बिनदिक्कत ‘येतो’ म्हणू शकेल.

(दृश्य: तेच घर, दुसरा आठवडा. आतल्या खोलीचं दार लोटलेलं.)

या आठवड्यात पप्पांची तिसरी शिफ्ट. रात्रभर फोन फाउंड्रीत, दिवसा झोपलेल्या पप्पांच्या उशाशी. पोरगी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा मम्मीनं हाताला धरून बसवलं.

“थांब, मी लिहून देतो.”

जुन्या कॅलेंडरची पानं. पाठीमागची बाजू कोरी. मम्मीनं आठवेल तशी गोष्ट लिहिली, आठवली नाही तिथं घातली आपल्या पदरची. ओढ्याची पंचगंगा झाली. म्हैस दुधाच्या डेअरीवर निघाली. चित्रं पोरीनं काढली. शेळी कुत्र्यासारखी दिसते, हे तिला सांगायचं नाही असं आमचं ठरलं.

(दृश्य: दोऱ्यानं शिवलेली पानं. आज्जीच्या मांडीला टेकून मुलगी.)

“म्हस म्हणाली, लवकर ये. शेळी म्हणाली, थांब, मी येतो.”

बोट तिथंच थांबतं. सवय आहे, शब्द रंगायची वाट बघते. कागद आहे तसाच.

आज्जी लसणाची पाकळी परातीत टाकते.

“आली का मग?”

पोरगी पान उलटते.