गवत ओढणारा मणी

नमस्कार श्रोतेहो.

इथे मायक्रोफोनच्या शेजारी मी दोन मणी ठेवलेत. दोन्ही मधाच्या रंगाचे, दोन्ही आवळ्याएवढे. एक मैत्रिणीने पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातून आणून दिला. दुसरा मी मुंबईत, घासाघीस करून आणि फार स्वस्तात मिळाला या आनंदात विकत घेतला. त्याच्या बरोबर मधोमध एक माशी आहे, पंख पसरून बसलेली, शाळेच्या ग्रुप फोटोला बसावी तशी. यातला एक मणी अस्सल अंबर आहे आणि दुसरा प्लास्टिक. कुठला ते तुम्ही ओळखलंच असेल. मला मात्र कळायला दोन वर्षं लागली.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘अंबर’ म्हटलं की कोकणातल्या श्रोत्यांना व्हेल माशाची उलटी आठवेल. वर्तमानपत्रात बातमी येते, अमुक किलो माल जप्त, इतक्या कोटींचा. ते अंबर वेगळं. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा तो मेणचट पदार्थ, आणि आपल्याकडे तो बाळगणं, विकणं गुन्हा आहे. अरबीतला ‘अंबर’ हा मूळचा त्याचाच शब्द. युरोपात दोन्ही वस्तू समुद्राकाठी सापडायच्या, म्हणून एकाचं नाव दुसऱ्याला चिकटलं. मी बोलणार आहे ते झाडाच्या अंबराबद्दल. त्याला संस्कृतात फार नेमकं नाव आहे, तृणमणी. गवताची काडी ओढून घेणारा मणी. फारसीत कहरुबा, म्हणजेही गवत पळवणारा. आणि ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत. लोकरीवर घासलेलं अंबर हलक्या वस्तू ओढतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. 1600 साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने चुंबकावरच्या ग्रंथात या ओढीला त्याच ग्रीक शब्दावरून नाव दिलं. आपण ‘इलेक्ट्रिक’ म्हणतो ते तिथून आलं.

आता हे अंबर म्हणजे नक्की काय? लोक सर्रास सांगतात, ‘झाडाचा डिंक दगड झाला.’ इथे मी जरा हट्टाने थांबणार आहे. डिंक वेगळा, राळ वेगळी. बाळंतिणीच्या लाडवात घालतो तो डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा. तो तुपात टाकला की फुलतो आणि पाण्यात भिजवला की विरघळतो, कारण तो साखरेच्याच जातकुळीतला. पहिल्या चार पावसांत वाहून जाईल. अंबर होतं ते राळेचं. राळ पाण्याला दाद देत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात राळ मागा, पिवळट, काचेसारखे खडे पुडीत बांधून देतील. साधारणपणे ती साल वृक्षाची असते. बोहाड्यात सोंग आलं की पेटत्या टेंभ्यावर चिमूटभर राळ फेकतात आणि भक्कन जाळ उठतो. ‘टीकेची राळ उडवली’ असं आपण म्हणतो, ती हीच राळ.

झाडाला जखम झाली, फांदी मोडली, किड्याने साल पोखरली, की काही झाडं तिथे राळ सोडतात. आपल्या जखमेवर खपली धरते तसंच. सुरुवातीला ती पातळ, चिकट आणि उग्र वासाची असते. वास म्हणजे त्यातली उडून जाणारी तेलं. ती उडत जातात आणि मागे उरलेले रेणू एकमेकांत गुंफले जातात. पण उन्हावाऱ्यात उघडी पडलेली राळ तडकते, भुगा होते. ती गाळात, चिखलात, हवा लागणार नाही अशी पुरली गेली तरच पुढची गोष्ट घडते. लाखो वर्षांनी, वरच्या थरांच्या दाबाने आणि उष्णतेने, राळेचं अंबर होतं. मधल्या टप्प्याला कोपल म्हणतात. पिकत घातलेला, पण अजून न पिकलेला आंबा समजा. एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडचं कोपल जहाजांनी मुंबईत यायचं आणि इथून युरोपात वॉर्निश करायला जायचं. म्हणजे या धंद्याशी मुंबईचाही संबंध आलेला आहे.

जगात सगळ्यांत नावाजलेलं अंबर बाल्टिक समुद्राकाठचं. वय ढोबळमानाने चार कोटी वर्षं. सर्वांत मोठे साठे रशियाच्या कालिनिनग्राड भागात. वादळ झालं की तळाचं अंबर सुटतं आणि शेवाळाबरोबर किनाऱ्यावर येतं. डोमिनिकन रिपब्लिकचं अंबर त्याहून तरुण, आणि म्यानमारच्या हुकाँग खोऱ्यातलं सुमारे 9 कोटी 90 लाख वर्षांचं, म्हणजे डायनोसॉरच्या काळातलं. 2016 मध्ये त्यात एका छोट्या डायनोसॉरची पिसांसकट शेपटी सापडल्याचं जाहीर झालं. आणि नाही, सिनेमात दाखवतात तसा त्यातून डायनोसॉर जिवंत करता येत नाही. डीएनए इतका काळ टिकत नाही.

पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते सुरतेजवळचं अंबर. सुरत म्हटलं की मराठी माणसाला 1664 आणि 1670 आठवतं. महाराजांनी सुरत दोनदा लुटली, तरी एक खजिना राहूनच गेला. शहराच्या ईशान्येला तीसेक किलोमीटरवर वस्तान नावाची लिग्नाइटची उघडी खाण आहे. लिग्नाइट म्हणजे कच्चा, तपकिरी कोळसा. त्याच्या थरांत अंबराचे तुकडे सापडले. वय पाच कोटी वर्षांहून थोडं जास्त. लखनौची बिरबल साहनी संस्था, जर्मनीतलं बॉन विद्यापीठ आणि न्यूयॉर्कचं नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय इथल्या शास्त्रज्ञांनी मिळून दीडशे किलो अंबर तपासलं आणि 2010 मध्ये निष्कर्ष छापले. सातशेच्या वर किडे, कोळी वगैरे, पंचावन्न कुळांतले.

यात गंमत काय? एक तर झाड. या अंबराच्या रसायनावरून दिसतं की ते साल वृक्षाच्याच कुळातल्या झाडांचं आहे. म्हणजे पुडीतली राळ आणि वस्तानचं अंबर हे नातेवाईक. या कुळाच्या रसायनाचा माग आपल्या आयआयटी मुंबईतल्या सूर्येंदू दत्ता यांनीही काढला आहे. दुसरं म्हणजे, बाल्टिक अंबर सहसा कशात पूर्ण विरघळत नाही, त्यामुळे आतला किडा बाहेरूनच बघायचा. वस्तानचं अंबर मात्र योग्य द्रावणात पूर्ण विरघळतं. पाच कोटी वर्षांपूर्वीची मुंगी मिशांपासून पायापर्यंत अख्खी बाहेर काढता येते. अर्थात अतिशय जपून, कारण ती कागदाच्या राखेइतकी नाजूक असते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. त्या काळात भारत हे एक बेट होतं, आफ्रिकेपासून सुटून उत्तरेकडे सरकत आशियाला येऊन टेकू लागलेलं. इतका काळ एकट्याने तरंगलेल्या बेटावरचे किडेही जगावेगळे असतील, अशी अपेक्षा होती. निघालं उलटंच. मधमाश्यांच्या कुळातला एक नामशेष गट इथे सापडला, तोच बाल्टिक अंबरातही आहे. इतर किड्यांचे सोयरेही आशियात, युरोपात निघाले. म्हणजे बेट वाटलं तितकं एकाकी नव्हतं. बहुधा मधल्या बेटांच्या साखळीवरून ये-जा चालू असावी.

आता ओळखायचं कसं? आधी जुनी कसोटी. मणी लोकरीवर घासा आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरा. कपटे ओढले गेले, तरी त्यावरून काही ठरत नाही. प्लास्टिकचा कंगवाही कपटे ओढतोच. तृणमणी हे नाव ज्या गुणामुळे पडलं, तो गुण आज बाजारात साक्ष द्यायच्या लायकीचा राहिला नाही.

मिठाचं पाणी जास्त कामाचं. एका पेल्यात 200 मिलिलिटर पाणी घ्या, त्यात चहाचे सात चमचे मीठ विरघळवा. अंबर त्यात तरंगतं. काच, बेकेलाइट आणि बरीचशी प्लास्टिकं तळाला जातात. माझ्या मुंबईच्या मण्याने असा काही तळ गाठला, की त्याचा टक्‌ असा आवाज अजून कानात आहे. मणी धातूच्या कोंदणात असेल तर मात्र ही परीक्षा करू नका, आणि झाल्यावर साध्या पाण्याने धुवा. कोपलही तरंगतं. त्याला पकडायला नखांचं पॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन. मण्याच्या न दिसणाऱ्या बाजूला एक थेंब, आणि अर्ध्या मिनिटाने बोट. कोपल चिकट होतं. बाल्टिक अंबराला सहसा काही होत नाही. नोटा तपासायचा जांभळा दिवा घरी असेल तर अंधारात धरून बघा. अंबर बहुधा निळसर पांढरं चमकतं. तापलेली सुई टोचून वास घ्या, असं कोणी सांगेल. माझं ऐका, ते करू नका. मण्यावर डाग कायमचा राहतो.

आत किडा असेल तर जास्तच सावध. खऱ्या अंबरात बहुतेक बारीक माशा, चिलटं, मुंग्या असतात, तेही वाकडेतिकडे, पाय तुटलेले, धडपडलेले. मोठा किडा ताकदीने सुटून जातो. बाल्टिक अंबरात ओकच्या झाडाचे चांदणीसारखे सूक्ष्म केस भिंगाखाली दिसतात. नकली माल करणारा तिथवर सहसा जात नाही. आणि फसलात तर लाजू नका. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये अंबरातली एक माशी होती. विली हेनिग या मोठ्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने 1966 मध्ये ती खरी धरून तिचं वर्णन छापलं. ती शौचकूपाभोवती आजही दिसणाऱ्या जातीची निघाली, म्हणजे ही जात कोट्यवधी वर्षं बदललीच नाही असं दिसत होतं. मग 1993 मध्ये अँड्र्यू रॉस हा संशोधक ती सूक्ष्मदर्शकाखाली बघत असताना दिव्याच्या उष्णतेने तुकड्यात एक भेग दिसू लागली. कोणीतरी अंबर मधोमध कापून, पोखरून, आत ताजी माशी बसवून पुन्हा चिकटवलं होतं.

शेवटचा निकाल प्रयोगशाळेचा. 1964 मध्ये कर्ट बेक या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या आलेखात बाल्टिक अंबर खांद्यासारखा एक सपाट भाग दाखवतं. इतर अंबरांत तो नसतो. त्यावरून ग्रीसमधल्या मायसीनीच्या थडग्यांतले मणी थेट बाल्टिकहून आल्याचं ठरवता आलं.

वस्तानबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथलं लिग्नाइट खणलं ते शेजारच्या वीजकेंद्रासाठी. शास्त्रज्ञांच्या पिशवीत आलं ते वाचलं. वेचायचं राहून गेलेलं अंबर कोळशाबरोबर भट्टीत गेलं, आणि त्याची इलेक्ट्रिसिटी झाली.

नमस्कार.