पाण्याकडून पाण्याकडे, सायकलवर

नमस्कार श्रोतेहो.

टपाल खात्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली पहिली बरीच सायकलवर. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, रामेश्वरला जातात. मी तळी बघत हिंडतो. तीच माझी जुनी बावीस इंची सायकल, तेच कॅरिअर, फक्त पत्रांच्या जागी आता धपाटी.

बाहेरगावच्या माणसाला सोलापूर म्हटलं की ऊन, दुष्काळ आणि चादर एवढंच आठवतं. तळी म्हटलं की तो हसतो. पण तळी दुष्काळी मुलखातच बांधली जातात हो! पाऊस भरवशाचा असेल तिथं पाणी अडवायचा खटाटोप कोण करेल? आपल्याकडं पडून पडून पडतो किती, तर वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणून गावात सिद्धेश्वर तलाव, विजापूर रस्त्याला कंबर तलाव, तुळजापूर रस्त्याला हिप्परगा, पलीकडं होटगी, अक्कलकोट तालुक्यात कुरनूर. मोहोळकडचा आष्टीचा तलाव तर १८७६-७७ च्या दुष्काळातलं काम. लोकांच्या हाताला काम आणि पोटाला भाकरी मिळावी म्हणून माती वाहून बांधलेला. उजनी धरणाचं मी आज बोलत नाही. उजनी आपण रोज पेपरात बघतो, वापरायचा साठा प्लसमध्ये आहे का त्याच्याही खाली, मायनसमध्ये. आणि तरी नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तर माझा नियम एकच. पाण्याकडून पाण्याकडे. आज किती किलोमीटर झाले हे मोजायचं नाही. आज कुठल्या पाण्याकाठी डबा उघडायचा, एवढंच ठरवायचं.

नवख्यानं हिप्परग्यापासून सुरुवात करावी. गावापासून दहाएक किलोमीटर. उजाडायच्या आत निघा, म्हणजे सूर्य वर येताना तुम्ही पाण्यापाशी असाल. हिवाळ्यात तिथं पट्टकदंब उतरतात. राखाडी बदकासारखा दिसतो, पण पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या, जणू कुणी काजळाचं बोट दोनदा ओढलंय. हा पक्षी हिमालय ओलांडून येतो आणि आपल्या हिप्परग्याच्या चिखलात चरतो. आपण मात्र हिप्परग्याला जायचं म्हटलं की गाडी काढतो.

लांबचं जायचं तर दोन वाटा सांगतो. एक, मंद्रूपवरून हत्तरसंग कुडलला. भीमा आणि सीना यांचा संगम, आणि तिथल्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख. हजार वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात कुणीतरी दगडावर मराठी कोरून ठेवलं, की हे वाचील तो विजयी होईल. जा, वाचा, विजयी व्हा. दुसरी वाट बोरी नदीची. ही नदी नळदुर्गच्या किल्ल्यात अडवलीय, त्या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे, आणि पावसाळ्यात तिथून नर-मादी धबधबे कोसळतात. तेच पाणी खाली कुरनूरच्या धरणात येतं आणि पुढं भीमेला मिळतं. एका दिवशी नळदुर्ग, दुसऱ्या दिवशी कुरनूर. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेचा, म्हणजे नळदुर्गला जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. दमलेल्या माणसाला वाऱ्यानं घरी ढकलावं, याच्यासारखं सुख नाही.

मोठे रस्ते मात्र टाळा. आपला सायकलीचा मोसम आणि कारखान्यांचा गाळप हंगाम एकच. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, उसाची वाढी दोन्ही बाजूंना रस्त्यावर लोळतायत, मागं लाल दिवा नाही, आणि गाणं एवढं मोठ्यानं की ड्रायव्हरला हॉर्न ऐकू येत नाही. उसानं आपल्या ज्वारीचं काय केलं, हा वेगळा विषय. मालदांडीची भाकरी आज किती घरांत होते? असो.

पाण्याच्या बाटल्या दोन घ्या. पुन्हा सांगतो, एक नाही, दोन. आणि पंक्चरचे पॅच मोजून घ्या. पॅच का मोजायचे, ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला माझा धाकटा मेव्हणा पुण्याहून आला, गाडीच्या टपावर सायकल बांधून. चोवीस गिअर, हँडलवर छोटा कॉम्प्युटर, खाली बसायला मऊ जेलचं सीट. म्हणाला, भावजी, तुमचं ते कुरनूर दाखवा. पहाटे पाचला निघालो. अक्कलकोटच्या रस्त्यानं, मग आत वळून. साडेनवाच्या सुमाराला पाणी दिसलं. काठाला थवाच्या थवा बसलेला. मेव्हण्याला फोटो हवा. मी म्हटलं, अरे, सायकल इथंच ठेव, चालत जा. तो म्हणाला, ही कुठंही जाते. आणि गेला की सरळ काठावरच्या वाळल्या माळातून!

सराटे, श्रोतेहो. सराटे! अनवाणी चाललेल्याला सराटा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाणी मागं हटलं की तिथं हे पसरतात, आणि वाळले की चारी बाजूंनी काटे. त्याचं टायर वर आलं ते धोतराला कुसळं लागावीत तसं. पक्षी तर केव्हाच उडाले होते. मी माझी सायकल खांद्यावर घेऊन गेलो. टपालातली सवय.

मागचं चाक बसलं. त्यानं चाक काढलं, एक भोक सापडलं, पॅच लावला, हवा भरली. दोनशे पावलं चाललो, पुन्हा फुस्स. तेवढ्यात बांधावरून हाक आली, "बर्री, कुंदर्री!" शेळ्या राखणारी एक आजी. या, बसा म्हणाली. तिकडं निम्मं बोलणं कन्नडमध्येच. तिनं टायरकडं बघितलं आणि म्हणाली, "बाबा, रबर शिवतोस, आणि मुळ्ळु तसाच आत ठेवतोस?" मुळ्ळु म्हणजे काटा. मग तिनं पदराचं टोक दोन बोटांना गुंडाळलं आणि टायरच्या आतून सावकाश फिरवलं. पदर अडकला की थांबायची, नखानं टोक धरायची, ओढायची. सात निघाले. मी मोजले.

मग ट्यूब तळ्याच्या पाण्यात धरली. बुडबुडे एका जागी नाहीत, आणखी तीन जागी. पुढच्या चाकाला दोन. आणि डबीत पॅच होते तीन, त्यातला एक संपलेला. दोन पुढच्या चाकाला गेले. मागचं चाक तसंच. माझ्या बावीस इंचीची ट्यूब त्याला बसेना. मोबाईलला रेंज नाही.

आजी म्हणाली, "आमचे मालक सायकलवर दूध घालायचे. पंक्चर झालं की गवत भरून यायचे." विळा घेऊन ती काठाला उतरली, लव्हाळा कापला, आणि त्याचे पिळे करकरून टायरमध्ये ठासायला बसली. मेव्हणा बघतच राहिला. ठासता ठासता तिनं विचारलं, "केवढ्याची रे ही?" हा आधीच लाजलेला. हळूच म्हणाला, "साठ हजार." आजीचा हात थांबला. "एवढ्यात म्हैस आली असती की! आणि म्हशीला पंक्चर नसतं."

तिला पैसे देऊ केले तर रागावली. माझ्याकडची दोन धपाटी मात्र घेतली, आणि एक तिथंच शेळीला दिलं.

तर चोवीस गिअरची सायकल, मागच्या चाकात लव्हाळा. चालवता येत होती, पण बैलगाडीसारखी. गचके बसतील तसा तो "भावजी, भावजी" करत होता. ज्या सीटचं त्यानं पहाटेपासून कौतुक केलं, त्याच्यावर तो आता टेकत नव्हता. असे आम्ही चपळगावला पोचलो. टपरीवर चहा सांगितला, सायकली भिंतीला लावल्या. मेव्हणा बाकड्यावर मान टाकून बसला. मी दोन घोट घेतले आणि कसलासा करकर आवाज आला. वळून बघतो तर टपरीवाल्याची शेळी. टायरच्या कडेतून लव्हाळ्याची चार पाती बाहेर आली होती, ती धरून ओढत होती. दुसरी शेळी पलीकडून.

हाकलेपर्यंत चाक निम्मं खाऊन झालं होतं. मेव्हण्यानं एकदा चाकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि आणखी एक चहा सांगितला. मी एसटी टपावर सायकल घेते का, ते विचारायला स्टँडकडं निघालो.

नमस्कार.